इंदूरमध्ये वडिलांचं आत्मचरित्र लिहून देणारा मराठी लेखक कसा शोधावा?

जाहिरातींच्या मागे लागू नका. महाराष्ट्र साहित्य सभेत चौकशी करा, ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या कार्यक्रमांना येणाऱ्या जुन्या पत्रकारांना, निवृत्त मराठी शिक्षकांना विचारा. चांगली शब्दांकनं करणारी माणसं ओळखीतूनच सापडतात.

लेखक इंदूरचाच हवा असं नाही, पुण्याचाही चालेल. पण एक परीक्षा घ्या. वडिलांची तासाभराची बैठक मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या आणि त्यातला एकच प्रसंग लिहून मागा. त्याचे पैसे द्या, फुकट राबवू नका. मग मजकूर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री खाल्लेल्या गराडूची (तळलेल्या कंदाची) त्याने रताळी केली असतील, किंवा वडिलांची हिंदी मिसळलेली बोली इस्त्री करून सदाशिव पेठी केली असेल, तर गोड बोलून निरोप द्या.

लेखी करार हवाच, मित्र असला तरी (मित्र असला तर जास्तच). कॉपीराइट कायदा, 1957 नुसार स्वतंत्रपणे काम करणारा लेखकच सहसा पहिला मालक ठरतो. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमचे होत नाहीत. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गोपनीयता, मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ म्हणून नाव द्यायचं की नाही आणि किती वेळा दुरुस्त्या, हेही लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने, प्रकरण हातात आल्यावर.