पुढं एक दात कमी का मागं तीन जास्त?

प्रश्न : काका नमस्कार, मी पाटण तालुक्यातला. गाडी २०० सीसीची ऑफरोडवाली, स्प्रॉकेटचे (चेन ज्यावरनं फिरते त्या दातेरी चक्रांचे) दात मोजले तर पुढं १३ मागं ३९ आहेत आणि चेनवर ४२८ लिहिलंय. रोज कराडला जाऊन-येऊन नोकरी, रविवारी मित्रांबरोबर डोंगराकडच्या कच्च्या रस्त्यानं. खड्या चढाला दगडगोट्यात पहिल्या गिअरमधे पण गाडी पळायला बघते, हळू न्यायची म्हटलं की बंद पडते, मग हाफ क्लच, वर पोचेपर्यंत क्लचप्लेटचा वास. दुकानदार म्हणतो मागं ४५ टाका, मित्र म्हणतो पुढं १२ टाक. कुणाचं ऐकू? आणि चेन किती कड्यांची घेऊ?

उत्तर : मित्राचं ऐका, निदान आधी तरी. मागचे दात भागिले पुढचे दात एवढंच गणित आहे. तुमचं आत्ता ३९ भागिले १३ म्हणजे बरोबर ३ येतं. पुढं १२ केलं की ३.२५ होतं, म्हणजे सव्वाआठ टक्के जास्त ओढ. हीच ओढ मागं दात वाढवून पाहिजे असेल तर ४२ लागतात (३.२३), म्हणून मेकॅनिक लोक म्हणतात की पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन. दुकानदाराचं ४५ केलं तर ३.४६ होईल, चढाला मजा येईल हो, पण सोमवारी कराडला जाताना काय? ज्या आरपीएमला (म्हणजे इंजिनच्या मिनिटाला जेवढ्या फेऱ्यांना) आज टॉप गिअरमधे ८० चा स्पीड मिळतो तिथं ४५ वर जेमतेम ६९ मिळेल, १२ वर ७४. रोज तासभर इंजिन बोंबलत ठेवायचं का आठवड्यातनं एकदा क्लच थोडा जपायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, मी असतो तर १२ टाकून महिनाभर फिरलो असतो. पुढचं छोटं स्प्रॉकेट मागच्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि नाही आवडलं तर अर्ध्या तासात जुनं परत बसतं.

१२ चा तोटा पण सांगून ठेवतो. चेन लहान गोलाईवरनं वळते त्यामुळं झिज थोडी जास्त, आणि चेन चिमट्याच्या (म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) जवळनं जाते, तिथं जी प्लास्टिकची पट्टी असते ती दर महिन्याला वाकून बघा, ती खाऊन संपली की चेन थेट चिमटाच कापायला लागते. आणखी एक, काही गाड्यांत स्पीडोमीटरचा सेन्सर पुढच्या चाकाला असतो, त्यांना काही फरक पडत नाही, पण गिअरबॉक्सवरनं घेतलेला असेल तर काटा खऱ्यापेक्षा जास्त स्पीड दाखवणार.

आता चेन. ४२८ मधला ४ म्हणजे कडीची लांबी चार अष्टमांश इंच, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. (५२० असेल तर पाच अष्टमांश, म्हणून ४२८ च्या स्प्रॉकेटवर ५२० ची चेन कधीच बसत नाही, तरी विचारणारे भेटतात.) पुढं किंवा मागं एक दात बदलला की चेन अर्धी कडी कमी-जास्त लागते, आणि तेवढंच चाक सरकवून भागवायचं तर ते साधारण ३ मिमी सरकतं. १२ टाकलं तर चाक फक्त ३ मिमी मागं घ्यायचं, आहे ती चेन चालते. ४२ टाकलं तर चाक साडेनऊ मिमी पुढं आणावं लागेल, मागच्या एक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) खाचेत तेवढी जागा आहे का ते आधी पट्टी लावून बघा आणि टायर मडगार्डला घासतोय का ते पण. ४५ ला तीन कड्या जास्तीच्या लागतात, पण कड्या जोडीनंच वाढतात, मग दोन घालून चाक ६ मिमी पुढं नाहीतर चार घालून ६ मिमी मागं.

आणि जुन्या चेनची लांबी टेपनं मोजून तेवढी नवी आणू नका. १२० कड्यांची चेन नवी असताना १५२४ मिमी भरते, एक टक्का जरी ताणली तरी १५ मिमी वाढली. त्यामुळं कड्याच मोजायच्या. आणि तुमची चेन मागच्या स्प्रॉकेटवरनं बोटानं मागं ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली, मग १२ चं एकटं आणून उपयोग नाही, नव्या दातावर जुनी चेन ते पण लवकर खाणार, सगळा सेटच बदला.

हां, रविवारी कुठंही फिरा पण कासच्या पठारावर रस्ता सोडून चाक घालू नका. २०१२ ला पश्चिम घाटाच्या यादीतनं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेली जागा आहे ती, वर मातीचा पातळ थरच असतो, टायरचा एक पट्टा पडला तर तिथं फुलं येत नाहीत.

प्रश्न : नवीन चेन आणलीय ती लांब आहे, घरीच कापता येईल का? (शिराळा)

उत्तर : येते की. दोन्ही नवे स्प्रॉकेट आधी बसवा, एक्सल खाचेत पुढच्या टोकापासनं थोडा मागं ठेवा, पुढं चेन ताणेल तेव्हा चाक मागं घ्यायला जागा पाहिजे ना. चेन दोन्हीवरनं गुंडाळून टोकं मागच्या स्प्रॉकेटवर एकत्र आणा, जिथं जुळतात तिथं खूण करा आणि लॉक (टोकं जोडायची कडी) धरून कड्या सम येतात का मोजा. मोजा म्हणजे तीनदा. मी स्वतः एकदा घाईत एक कडी जास्त कापली, एका टोकाला आतली कडी दुसऱ्या टोकाला बाहेरची, लॉक बसायला जागाच नाही, अख्खी चेन वाया. पिनचं डोकं ग्राइंडरनं घासून मग चेन ब्रेकरनं पिन ढकलायची, हातोड्यानं ठोकत बसू नका. क्लिपवालं लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला पाहिजे. उलटं बसलं तर कुठंतरी फांदीला नाहीतर दगडाला घासून क्लिप उडते.

प्रश्न : आमच्याकडं वाळव्यात काळ्या रानातनं गाडी काढली की चेन एकदम टाईट होते, घरी येऊन धुतली की परत ढिली. चेन खराब आहे का? मी ढिली करून घेऊ का?

उत्तर : चेनला काही झालेलं नाही. उसाच्या रानातला चिखल दातांच्या बुडात भरतो आणि चेनला वर उचलतो, म्हणून ती ताणते. पण नेहमी टाईट लावायची सवय असेल तर तुमचा प्रश्न खराच आहे, अशा वेळी सगळा जोर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. ढील बघायची ती गाडी स्टँडवर असताना नुसती दाबून नाही. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, त्यासाठी घरातलं कुणीतरी जड माणूस सीटवर बसवा आणि तेव्हा चेन थोडी तरी हलते का बघा. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, जिथं सगळ्यात टाईट लागते तिथलं माप धरायचं. धुताना वायरब्रश नको आणि पेट्रोल पण नको, ओ-रिंगवाली चेन असेल तर रबर जातं. रॉकेल आणि मऊ ब्रश, पुसून वाळू द्या, मग आतल्या बाजूनं तेल.