आमची सोसायटी पुण्यात मुळा नदीच्या काठी आहे. गणपतीत नदीत मासे सोडायचं ठरतंय. कोणते सोडावेत?

कोणतेच नका सोडू. माझ्या थोरल्या मेहुण्यांशी माझा हाच वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांच्या मंडळाने घाटावर असाच कार्यक्रम केला होता. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आली. "कटला-रोहू आहे" असं सगळ्यांना सांगितलं. मी एक पिशवी उन्हात धरून पाहिली, तर निम्म्या पिल्लांच्या पाठीवरच्या परावर मागच्या बाजूला काळा ठिपका. चिलापी, म्हणजे तिलापिया! आफ्रिकेतला मासा, १९५२ मध्ये भारतात आणलेला. मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे घाण पाण्यातही तिची वीण वाढतच जाते. मी तिथेच अडवलं, तर भाऊजी म्हणाले, "मासा तो मासा. नदीत जीव आला ना?" दुसऱ्या दिवशी पहाटे, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तेव्हा, मी मुद्दाम गेलो. कटल्याची पिल्लं वर येऊन हवा गिळत होती, बरीचशी काठाला मरून पडली होती. चिलापी मजेत फिरत होती.

मग पुढच्या वर्षी भाऊजींचं सुरू झालं, "महसीर सोडू, ती तर आपलीच." आपलीच आहे, खरंय. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ मध्ये खडशीचं, म्हणजे आपल्याकडच्या महसीरचं, पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. पण तिला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. गटाराच्या पाण्यात तिला सोडणं म्हणजे मारणंच. आणि महसीर कुठेही सोडणं हे काही पुण्यकर्म नाही. हीच आपली महसीर कावेरीत नेऊन सोडली आणि तिथली मूळची कुबडाची महसीर आज नामशेष व्हायला आली आहे. धरणं, वाळूउपसा ही कारणंही आहेत, पण बाहेरून सोडलेली महसीर हे त्यातलं मोठं कारण.

वाघ आणि घाटे या अभ्यासकांनी मुळा-मुठेतल्या माशांची यादी २००३ मध्ये छापली. अशा जुन्या याद्या घेऊन शहराच्या वर, पौडकडे, आज काय मिळतं ते पाहा. तिथल्या ओढ्यांत मुऱ्या, मळव्या अजून आहेत. पाणी सुधारलं तर पावसाळ्यात ते आपोआप खाली उतरतील. पिशवीतून आणायची गरज नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, तेव्हा त्यांच्यावर बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावू नयेत, एवढं जरी काठच्या गावांत पाळलं गेलं तरी पुष्कळ.

एक मात्र सांगायला हवं. उजनीसारख्या जलाशयात किंवा ठेक्याने घेतलेल्या तलावात मच्छीमार संस्था माशांचं बीज सोडतात, त्याला माझा विरोध नाही. ते त्यांचं पोट आहे. मी बोलतोय ते वाहत्या नदीबद्दल.

माशांवर घालायच्या पैशांतून आधी तुमच्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, खरंच चालतो का, ते तपासून घ्या. भाऊजींच्या सोसायटीतला कित्येक महिने बंद होता, सांडपाणी थेट नाल्यात जात होतं, आणि मंडळाच्या एकाही बैठकीत तो विषय निघाला नाही.