ठोके मोजणारं यंत्र लोक खरंच वापरतात का, हे कसं तपासायचं?
संग्रहालयातल्या ‘हँडल धरा, हृदयाचे ठोके पाहा’ यंत्राचं बटण दिवसभर दाबलं जातं. पण लोकांना काही कळतंय का, असा तुमचा प्रश्न आहे. बटणाच्या आकड्यावर विसंबू नका, पोरं तेच बटण दहादा दाबतात.

जमिनीवर मनात एक रेघ धरा आणि ती ओलांडणारी प्रत्येक तिसरी व्यक्ती निवडा (उत्साही चेहरे निवडायचा मोह होतोच). किती वेळ थांबली, सूचना वाचली का, दोन्ही हात ठेवले का, आकडा येईपर्यंत टिकली का, एवढंच टिपा. सुरुवातीला ४०-५० नोंदी पुरतात. शाळेची सहल वेगळी मोजा. थांबण्याच्या वेळेची सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ. एकजण १० मिनिटं रेंगाळला की सरासरी फुगते.

लोक बहुधा आकडा येण्याआधीच सोडून जातात. कोरड्या तळव्यांचा संपर्क नीट होत नाही, हँडल आवळलं तर हृदयाच्या विद्युतसंकेतांत हाताच्या स्नायूंचे संकेत मिसळतात. पडदा कोराच, आणि माणूस ‘बंद दिसतंय’ म्हणत पुढे. ‘हलकेच धरा, १० सेकंद थांबा’ अशी कागदी पाटी डकवून आणखी २० जण पाहा.

शेवटी ‘आवडलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘जिना चढून आला असतात तर आकडा वाढला असता की घटला? का?’ असं विचारा.