टॉवर, राउटर आणि उडालेली झोप

परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातली पस्तिशीची बाई आमच्याकडे आली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शेजारच्या स्लॅबवर टॉवर उभा राहिला, त्याच सुमारास घरात वाय-फाय आलं आणि डोकं दुखायला लागलं. "मॅडम, टॉवर चालू झाल्यापासून डोकं लई ठणकायलंय. लेकरं बी त्याच खोलीत झोपायलेत. त्यांना काही झालं तर?" नवरा म्हणे, खूळ आहे. सासूबाई रोज रात्री राउटरचा प्लग काढून ठेवत.

अशा माणसाला "काही होत नाही" म्हणून परत पाठवू नये. डोकं खरंच दुखत असतं, फक्त कशानं ते शोधायचं असतं. म्हणून आधी डॉक्टर: रक्तदाब, हिमोग्लोबिन, चष्म्याचा नंबर. हिमोग्लोबिन 9 निघालं. बाईला ते 12 च्या वर हवं. लोहाच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या, पण भीती गोळ्यांनी जात नाही.

तिला एक मेसेज आला होता: 'जागतिक आरोग्य संघटनेनं मोबाइलला कॅन्सरकारक ठरवलं.' या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2011 मध्ये रेडिओलहरींना 2-ब गटात घातलं, हे खरं. त्या गटाचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा' असा आहे, आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुढे 2024 मध्ये याच संघटनेनं करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापर असलेल्यांतही नाही.

मग राउटरचा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडला. घरचा राउटर साधारण 0.1 वॅट लहरी सोडतो. तीन मीटरवर त्याचा जोर दर चौरस मीटरला 0.0009 वॅटच्या आसपास उरतो. भारतात या लहरींना मर्यादा आहे दर चौरस मीटरला 1 वॅट, म्हणजे हजारपटीहून जास्त अंतर. शिवाय क्ष-किरणांसारखी रेणू फोडायची ताकद या लहरींत नसते. फार जोरात असल्या तर त्या शरीर तापवतात, आणि मर्यादा त्याच्या कितीतरी खाली ठेवली आहे. टॉवरसाठी तर 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग लागू आहे. अँटेनाचा झोत आडवा जातो, त्यामुळे अगदी बुडाशी असलेल्या घरात तो कमीच पोचतो. तरी शंका उरली तर 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर 4,000 रुपये भरून मोजणी मागता येते. गल्लीतल्या चार घरांनी मिळून ते पैसे भरले. आकडा मर्यादेच्या आत आला.

एवढ्यानं बुद्धीला पटलं, झोप मात्र येईना. म्हणून घरीच परीक्षा ठेवली. राउटरच्या दिव्यांवर काळी टेप लावली. दीर रोज रात्री नाणं उडवून राउटर चालू किंवा बंद करायचा आणि वहीत लिहून वही कपाटात ठेवायचा. ही जबाबदारी नवऱ्याकडे दिली नाही, कारण त्याच्या तोंडावरून तिला कळलं असतं. दहानंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात. नाहीतर कोणाचा व्हिडिओ अडकला की लगेच समजतं. गजरासाठी दोनशे रुपयांचं घड्याळ आणलं. सकाळी उठल्यावर तिनं तीन गोष्टी लिहायच्या: झोप किती तास, डोकं 0 ते 10 मध्ये किती दुखतंय आणि राउटर चालू होता की बंद, याचा अंदाज.

14 रात्रींपैकी तिचे 6 अंदाज बरोबर आले, नाणं उडवल्यावर येतात साधारण तेवढेच. बंद राउटरच्या दोन रात्री डोकं सर्वांत जास्त दुखलं होतं. आणि एकूण झोप आधीपेक्षा तासाभरानं वाढली होती, कारण फोन उशाशी नव्हता. त्याआधी ती बारा-साडेबारापर्यंत अंथरुणात टॉवरचेच व्हिडिओ बघत होती. भीतीनं जागरण, जागरणानं डोकेदुखी, डोकेदुखीनं पुन्हा भीती. वही उघडल्यावर हे तिनं स्वतःच बोलून दाखवलं. आम्ही सांगितलं असतं तर एवढं पटलं नसतं.

लहरी कमी घ्यायच्याच असतील तर राउटरपेक्षा कानाशी धरलेल्या फोनकडे बघा. जाड भिंतींच्या माळवदात किंवा पत्र्याच्या खोलीत नेटवर्कची एकच दांडी दिसते, तेव्हा फोन जास्त जोर लावतो. अंगणात येऊन, स्पीकरवर किंवा इअरफोन लावून बोला. *#07# दाबलं की फोनचा 'सार' (SAR) आकडा दिसतो, म्हणजे शरीर त्याच्या लहरी किती शोषतं ते. भारतातली मर्यादा किलोला 1.6 वॅट आहे. तिच्या सासूबाईंना हे उपाय आवडले, कारण काहीतरी हातात आलं. प्लग काढायचा असेल तर खुशाल काढावा, वीज वाचते. पण 'लेकरं वाचवतेय' असं म्हणत काढू नये, लेकरं तेच धरून बसतात.

डोकेदुखी सकाळी उठताच होत असेल, सोबत उलटी, अंधूक दिसणं किंवा हातापायात बधिरपणा असेल, तर वही-नाणं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.