जुन्या वस्तीतला लहान फ्लॅट की रिंग रोडपलीकडचा मोठा?

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहणारा सेवानिवृत्त जिल्हा परिषद शिक्षक आहे. मुलगी नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरील परिसरात शिकते, मुलगा विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पात नोकरीला आहे, आणि दोघांच्या दोन खोल्यांचे भाडे भरण्यापेक्षा नागपुरात एक घर घ्यावे असे आम्ही ठरवले आहे. दोन फ्लॅट पाहिले. एक बेसा भागातील नव्या स्कीममध्ये आहे : 1,250 चौरस फूट, लिफ्ट, जिम, क्लब हाउस आणि पोहण्याचा तलाव. दुसरा धरमपेठेत, तीसेक वर्षांच्या इमारतीत, दुसऱ्या माळ्यावर, 780 चौरस फुटांचा आणि लिफ्ट नसलेला. किंमत मात्र दोन्हींची जवळपास सारखीच आहे. जिचा रंगही उडालेला आहे त्या इमारतीला लोक इतका भाव का देतात, हे माझ्या गावाकडच्या हिशेबात बसत नाही. सौ.चे गुडघे दुखतात आणि शेतीमुळे आमचे गावाकडे सतत जाणे-येणे राहील. काय पाहून निर्णय घ्यावा?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : गुरुजी, तो भाव आपल्या गावाकडच्याच हिशेबाने ठरलेला आहे. वावर विकत घेताना आपण त्यातला गोठा रंगवलेला आहे की नाही हे पाहत नाही. पांदण पावसाळ्यात ट्रॅक्टरला वाट देते का, कालव्याचे पाणी शेवटच्या पाळीपर्यंत पोचते का आणि कापूस घालायचे जिनिंग किती लांब आहे, हे विचारतो. या तिन्ही गोष्टी धुऱ्याबाहेरच्या आहेत, विकणाऱ्याच्या मालकीच्या नाहीत, आणि तरीही एकराचा दर त्याच ठरवतात. धरमपेठेतील फ्लॅटचे तसेच आहे. आपण पैसे मोजता ते 780 चौरस फुटांचे कमी आणि दाराबाहेर पायी पंधरा-वीस मिनिटांत जे सापडते त्याचे जास्त.

ते काय आहे, हे आपल्याच कुटुंबाला लावून पाहू. तळेगाव, कारंजा, कोंढाळी मार्गे येणारी एसटी अमरावती रोडने शहरात शिरते, म्हणजे तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन आपण रवीनगर चौकात उतरलात तर धरमपेठेत पोचायला साधी ऑटो पुरे. बेशाला जायचे तर पुढे अख्खे शहर ओलांडावे लागते. मुलीचा विद्यापीठ परिसर त्याच रस्त्यावर आहे. भाजीला गोकुळपेठेचा बाजार आहे, फिरायला अंबाझरी आणि तेलंगखेडीची उद्याने आहेत, आणि रात्री-बेरात्री डॉक्टर लागला तर रामदासपेठ व धंतोलीतील रुग्णालये फार दूर नाहीत. मुलाचे मिहान मात्र दक्षिणेला आहे आणि त्या बाबतीत बेसा जवळ पडते, हे मान्य केले पाहिजे. तरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही मेट्रोची मार्गिका याच भागातून जाते आणि सीताबर्डीला गाडी बदलली की मिहानच्या बाजूला खापरीपर्यंत जाता येते. डिसेंबर 2022 पासून मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण सुरू आहे, तेव्हा ही सोय भविष्यातली नव्हे, आजची आहे.

असल्या सोयी कोणत्याही बिल्डरला नव्याने बांधून देता येत नाहीत. 1936 च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने जे लेआउट पाडले त्यांत रस्ते आणि मोकळ्या जागा आधी आखल्या गेल्या, दुकाने, शाळा आणि दवाखाने त्यांच्या आधाराने हळूहळू आले, आणि रस्त्याकडेचा कडुनिंब सावली देण्याइतका वाढायला वीस-पंचवीस वर्षे लागली. नव्या स्कीममधील तलाव आणि जिम यांचा खर्च मात्र दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये आपल्याच खिशातून जातो. तलाव पहिले दोन उन्हाळे गाजतो, पुढे त्याच्या शुद्धीकरणाच्या खर्चावरून सभेत भांडणे होतात, आणि एक दिवस त्यात मुलांच्या सायकली ठेवलेल्या दिसतात. असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. पाण्याचाही विचार करावा. नागपूर महापालिकेचे पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते; बेशाच्या स्कीममध्ये नळाचे पाणी आहे की बोअरवेलवर आणि टँकरवर भागवले जाते, हे विक्री कार्यालयात न विचारता तिथे राहायला गेलेल्या एखाद्या बाईंना मे महिन्यात विचारावे.

आता दुसरी बाजू. मागच्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांसोबत मी पश्चिम नागपुरातला असाच एक जुना फ्लॅट पाहायला गेलो होतो. मोबाइलवरच्या नकाशात मेट्रो स्थानकापासून अकरा मिनिटे दिसत होती. दुपारी तीनच्या उन्हात आम्हाला सव्वीस मिनिटे लागली, कारण मध्ये दुभाजक होता आणि रस्ता ओलांडायची जागा बरीच पुढे होती, पदपथावर एका पानठेल्याने आणि दोन ट्रान्सफॉर्मरनी ठाण मांडले होते, आणि नातेवाइकांच्या आई वाटेत दोनदा एका दुकानाच्या पायरीवर टेकल्या. इमारतीच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर त्या आजींनीच भिंतीकडे बोट दाखवले. ताज्या चुन्याखालून, साधारण कमरेच्या उंचीवर, मातकट रंगाची एक सरळ रेघ डोकावत होती. दलाल म्हणाला, ओल आहे. ती 23 सप्टेंबर 2023 च्या पुराची खूण होती, जेव्हा रात्रीच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा महागड्या वस्त्यांत पाणी शिरले.

म्हणून धरमपेठेतला तो फ्लॅट नदी-नाल्यापासून किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे हे आधी पाहावे, आणि त्या रात्री पार्किंगमध्ये पाणी होते का हे चौकीदाराला, शेजारच्या किराणा दुकानदाराला आणि इस्त्रीवाल्याला वेगवेगळे विचारावे. घर एकदा सकाळी सातला, एकदा शाळा सुटायच्या वेळी आणि एकदा रात्री नऊनंतर पाहावे. सकाळी भाजीची गाडी दारात येते की नाही हे कळेल, दुपारी गल्लीत किती गाड्या अडकतात ते दिसेल, आणि जवळ मंगल कार्यालय असेल तर रात्री ते आपोआपच कानावर येईल. पार्किंगच्या बाबतीत जुन्या वस्त्या खरोखर अडचणीच्या आहेत. धंतोलीत रुग्णालयांपुढे गाडी लावायला जागा मिळवून पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

सौ.च्या गुडघ्यांचा मुद्दा मात्र मी सर्वांत वर ठेवीन. बाजार, उद्यान आणि मेट्रो पायी अंतरावर असूनही ज्या व्यक्तीला जिना दिवसातून एकदाच उतरू देतो, तिच्यासाठी त्या सोयी नसल्यासारख्याच असतात. आज दोन माळे चढता येतात हे खरे, पण घर वीस वर्षांसाठी घ्यायचे आहे. तेव्हा हा फ्लॅट सोडावा असे माझे मत आहे; परंतु तो सोडून बेशाला जावे असे मात्र मला वाटत नाही. त्याच मेट्रो मार्गिकेवर थोडे पुढे, सुभाष नगर स्थानकाच्या आसपास, त्रिमूर्ती नगर किंवा प्रताप नगर भागात खाली पार्किंग असलेल्या इमारतीतला पहिल्या माळ्यावरचा फ्लॅट शोधावा. तिथला दर धरमपेठेपेक्षा कमी आहे, बाजार आणि दवाखाने वस्तीतच आहेत, आणि पहिला माळा असल्याने जिनाही एकच आणि पुराचे पाणीही दाराबाहेर.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात : जुना फ्लॅट घेताना जागा मालकीची आहे, नझूलची म्हणजे सरकारी आहे की प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याची, हे आखीव पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्डवरून) तपासावे आणि भाडेपट्टा असल्यास त्याचे नूतनीकरण झाले आहे का ते पाहावे. स्कीम 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील असेल, तर जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा किती टक्के आहे हे विक्रीपत्रात लिहिलेले असते. इमारत जुनी असल्याने उद्या ती पाडून नवी बांधायची वेळ आली, तर आपले हक्क ठरवताना तो आकडा महत्त्वाचा ठरेल. रजिस्ट्री सौ.च्या एकटीच्या नावाने केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

प्रश्न : आमच्या ओळखीतल्या एका स्कीमच्या माहितीपत्रकात ‘शाळा, उद्यान आणि मेट्रो पाच मिनिटांवर’ असे छापले आहे. त्यावर विसंबून इसार द्यावा का?
— एक वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : पाच मिनिटे पायी की मोटारीने, आणि मेट्रो धावणारी की मंजूर झालेली, हे आधी विचारावे. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणाऱ्या 43.8 किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली, आणि तेव्हापासून त्या बाजूच्या प्रत्येक फलकावर मेट्रो आली आहे. शाळा आणि उद्यान यांची खात्री भाग नकाशावरून, म्हणजे विकास आराखड्यातील त्या जागेच्या नकाशावरून, करावी : ती जागा विकास आराखड्यात खरोखर त्या कामासाठी राखीव आहे का, की मंजूर लेआउटमधली मोकळी जागाच उद्यान म्हणून दाखवली आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. माहितीपत्रक टाकून देऊ नये. त्यातील खोट्या विधानामुळे नुकसान झाल्यास रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 12 खाली भरपाई मागता येते. इसार द्यायचाच असेल, तर करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे लक्षात ठेवून आणि महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या स्कीमचा नोंदणी क्रमांक स्वतः पाहून मगच द्यावा.