लेखक शाळेत येतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळांमधील बालसाहित्यिकांच्या भेटी आणि मुलांच्या लेखन कार्यशाळा यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत शिक्षकांची पत्रे सर्वाधिक आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते सातवीचे सुमारे 200 विद्यार्थी आहेत. मागील वर्षी वाचन प्रेरणा दिनी आम्ही एका बालकवींना बोलावले होते. प्रास्ताविक, सत्कार आणि मान्यवरांची मनोगते यांत दीड तास गेला. कवींना शेवटची 20 मिनिटे मिळाली, तोवर लहान मुले चुळबुळ करू लागली होती. यंदा तसे होऊ नये, यासाठी नियोजन कसे करावे?
– एक सहशिक्षिका, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : सर्वप्रथम तारखेचा आग्रह सोडावा. 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून आणि 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून राज्यभर साजरा होतो. साहजिकच या दोन दिवशी जिल्ह्यातील बहुतेक शाळांना लेखक हवा असतो आणि एकेका लेखकाला दिवसभरात दोन-तीन शाळा उरकाव्या लागतात. त्या धावपळीत मुलांच्या वाट्याला भाषणापलीकडे काही येत नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते. जुलै-ऑगस्टमधील किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा साधा दिवस निवडला, तर लेखकाला निवांत वेळ असतो आणि शाळेलाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे, लेखक येण्यापूर्वी त्यांचे निदान एक पुस्तक मुलांच्या हातांतून गेलेले असले पाहिजे. याबाबतीत मी अडून बसतो, कारण भेटीचे यश जवळपास यावरच ठरते. पुस्तकाच्या पाच-सहा प्रती मागवाव्यात, तीन-चार आठवडे परिपाठात रोज दोन पाने मोठ्याने वाचावीत आणि प्रती आळीपाळीने घरी न्यायला द्याव्यात. पुस्तक वाचलेले मूल लेखकाला विचारते, ‘त्या मुलाने बकरी विकू दिली नसती, तर तुम्ही गोष्ट कुठे नेली असती?’ पुस्तक न वाचलेल्या मुलाच्या हातात मात्र शिक्षकांनी लिहून दिलेली चिठ्ठी असते आणि त्या चिठ्ठीवर ‘आपणांस लेखनाची प्रेरणा कोणाकडून मिळाली?’ हाच प्रश्न असतो. त्याच्या उत्तराकडे विचारणाऱ्याचेही लक्ष नसते.

200 मुले एकाच वेळी मैदानात बसवू नयेत. पहिली-दुसरीच्या मुलांना अर्धा तास गोष्ट सांगितली की पुरे. तिसरी ते पाचवीच्या मुलांशी पुस्तकावर गप्पा व्हाव्यात. प्रत्यक्ष लेखनाची कार्यशाळा सहावी-सातवीच्या 30 ते 35 मुलांची, दीड ते दोन तासांची असावी. व्यासपीठ व ध्वनिक्षेपक यांची मुळीच गरज नाही. वर्गातील बाके बाजूला सारून सतरंजीवर गोल बसावे आणि लेखकानेही त्याच सतरंजीवर बसावे. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांचा मान राखणे गावात आवश्यकच असते. तो परिपाठाच्या वेळी पाच मिनिटांत राखावा आणि नंतर त्यांना मुलांमध्ये येऊन बसण्याची विनंती करावी. बहुतेक जण आनंदाने बसतात. हार, शाल आणि श्रीफळ यांवर होणाऱ्या खर्चात दोन-तीन बालपुस्तके सहज येतात, हेही समितीसमोर अवश्य मांडावे.

कार्यशाळेत काय घडावे, याचे एक उदाहरण देतो. ‘माझा आवडता सण’ असा विषय दिला की 30 पैकी 25 वह्यांत दिवाळी उतरते, तीही पाठ केलेल्या निबंधातली. आपल्याच भागातील एका शाळेत मी मुलांना येळवशीच्या, म्हणजे शेतात पूजा करून तेथेच जेवण्याच्या वेळ अमावास्येच्या दिवशी शेतात पाहिलेली एकच गोष्ट लिहायला सांगितली. सहावीतील एका मुलीने पहिल्यांदा लिहिले, ‘आम्ही शेतात गेलो, भज्जी खाल्ली, आंबील प्यालो आणि खूप मजा केली.’ मी तिला एवढेच विचारले, की पूजेसाठी कडब्याची कोप (खोपटी) उभी राहत असताना ती स्वतः कोठे होती आणि तिच्या हातात काय होते. तिने पुन्हा लिहायला घेतले. दुसऱ्या खर्ड्यात चुन्याने रंगविलेले दगडाचे पाच पांडव आले, पूजेची घाई करणारी आजी आली आणि चुन्याचे बोट एका ढेकळाला लावून ‘हा माझा सहावा पांडव’ म्हणत तो कोपीत मांडणारा धाकटा भाऊ आला. आजीने तो सहावा पांडव काढून टाकला, का तसाच राहू दिला, हे तिने लिहिले नव्हते. वर्गातील सगळी मुले मात्र तिला तेच विचारत राहिली. लेखन म्हणजे काय, हे त्या वर्गाला त्या दहा मिनिटांत जेवढे कळले, तेवढे माझ्या तासभराच्या व्याख्यानाने कळले नसते.

शेवटची विनंती आपल्यासाठी आहे. लेखक वर्गात आले म्हणजे आपला तास सुटला, असे मानून माहितीचे तक्ते भरायला कार्यालयात जाऊ नये. वर्गातच बसावे आणि मुलांबरोबर स्वतःही लिहावे. लेखक संध्याकाळच्या बसने परत जाणार असतो. उद्या, परवा आणि वर्षभर मुलांना लिहिते ठेवणारी व्यक्ती आपणच आहात. आपण मुलांसमोर खोडत, अडखळत लिहिलेले त्यांनी पाहिले, की लिहिताना खाडाखोड होतेच, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : माझी शाळा तांड्यावर आहे. मुले घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात आणि शाळेत आल्यावर आसपासच्या गावांत ऐकलेली मराठी बोलतात. लिहिताना दोन्ही मिसळतात. पाहुण्या लेखकांनी ते लेखन तसेच वाचून घेतले आणि कौतुक केले; परंतु माझ्या मनात शंका राहिली. दुरुस्ती केली नाही, तर मुले परीक्षेत मागे पडणार नाहीत का?
– एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : आपली शंका योग्य आहे आणि त्या लेखकांनी केले तेही योग्य होते. दुरुस्ती करावयाची असतेच, प्रश्न ती केव्हा करावयाची, एवढाच आहे. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई फिरली, की मूल पुढच्या वेळी आपल्याला खात्रीने लिहिता येतील तेवढेच शब्द वापरते आणि त्याचे लेखन चार ओळींवर येऊन थांबते. म्हणून पहिला खर्डा केवळ वाचून दाखवावयाचा. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी मुलाला विचारावे, की हे वाक्य कोण बोलत आहे. आजी बोलत असेल, तर ती तिच्याच बोलीत बोलू द्यावी. गोष्ट सांगणारा स्वतः कोणत्या भाषेत सांगणार, हे मुलाने ठरवावे. शुद्धलेखनाकडे अगदी शेवटी, सुवाच्य प्रत काढताना वळावे आणि तेव्हाही एका वेळी दोन-तीनच गोष्टी सुधाराव्यात. उदाहरणार्थ, या आठवड्यात फक्त अनुस्वार आणि पूर्णविराम.

परीक्षेचे उत्तर, अर्ज आणि औपचारिक पत्र यांसाठी प्रमाण मराठी लागते, हे मुलांना स्पष्ट सांगावे आणि तिचा वेगळा सरावही घ्यावा. कोठे कोणती भाषा चालते, हे मुले मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा लवकर ओळखतात. मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात जागा असावी, ही काही केवळ साहित्यिकांची हौस नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याची तरतूद आहे आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 यातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर दिलेला आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड घरात बोलणारी मुले मराठी शाळांत असतात. त्यांच्या शिक्षकांनीही हाच क्रम ठेवावा, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या गावातील निम्मी कुटुंबे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास वर्ग रिकामा होऊ लागतो आणि मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात. अशा शाळेत कार्यशाळा केव्हा घ्यावी? शिवाय मागच्या वेळी एका मुलाने वडिलांच्या कर्जाविषयी लिहिले आणि पाहुण्यांनी ते सर्वांसमोर वाचून दाखविले. ते मूल नंतर आठवडाभर शाळेत आले नाही.
– एक मुख्याध्यापक, बीड जिल्हा

उत्तर : कार्यशाळा टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घ्यावी. 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन त्यासाठी चांगले निमित्त आहे. 1948 सालचे ते दिवस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. परंतु रझाकारांच्या काळात घरातील धान्य कोठे लपविले होते, कोण रानात जाऊन राहिले होते, या हकिकती आजी-आजोबांनी त्यांच्या आई-वडिलांकडून ऐकलेल्या असतात. मुलांनी घरी जाऊन त्या विचाराव्यात आणि ऐकल्या तशा लिहून आणाव्यात. लिहायला काय घ्यावे, हा प्रश्नच मग उरत नाही आणि जी मुले एरवी मागे बसतात, त्यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ निघते.

जाणाऱ्या प्रत्येक मुलाजवळ एक वही आणि शाळेचा पत्ता आधीच लिहिलेली काही पोस्टकार्डे द्यावीत. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळते, त्यामुळे हा खर्च शाळेला जड जाणार नाही. कारखान्याच्या परिसरातून आलेले कार्ड फलकाशेजारी लावावे, गावात राहिलेल्या मुलांनी ते वाचावे आणि ज्यांचा ठिकाणा कळला असेल, त्यांना उत्तर पाठवावे. सगळी कार्डे येणार नाहीत. जी येतील, त्यांतून ते मूल वर्गातच आहे, ही जाणीव दोन्हीकडे टिकून राहील. एप्रिलमध्ये मुले परतल्यावर त्याच वह्या घेऊन एक दिवस पुन्हा बसावे. त्या दिवशी लेखक नसला तरी चालेल.

आपल्या पत्रातील दुसरी घटना मला फार अस्वस्थ करून गेली. मुलाने लिहिलेले त्याच्या परवानगीशिवाय कोणीही मोठ्याने वाचू नये, हा नियम कार्यशाळेच्या सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगावा आणि तो पाहुण्यांनाही लागू असावा. आपल्याकडे शेतकऱ्यांची कर्जे आणि आत्महत्या हा अनेक घरांतील ताजा घाव आहे. ‘तुमचे दुःख लिहा’ असे सांगून मुलाकडून तो उघडा करून घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. मुलाने आपण होऊन लिहिले, तर ते शांतपणे वाचावे, एकांतात त्याच्याशी बोलावे आणि तो कागद त्याला परत द्यावा. त्याची छायाचित्रे व्हॉट्सअॅपच्या गटांवर कदापि जाऊ नयेत. लेखनातून मूल संकटात असल्याचे दिसले, तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधता येतो. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आढळला, तर पॉक्सो कायदा, 2012 नुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी पाहुण्या लेखकावरही येते, हे त्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : माझे बालकथांचे पहिले पुस्तक नुकतेच आले आहे. शाळा आदराने बोलावतात. परंतु प्रवासखर्चाचा विषय कोणी काढत नाही आणि मला तो काढण्याचा संकोच वाटतो. भेटीच्या वेळी पुस्तके विकावीत का?
– एक लेखिका, नांदेड

उत्तर : पहिल्या फोनवरच सगळे बोलून घ्यावे. किती मुले, कोणत्या इयत्ता, किती वेळ, प्रवासखर्च कोण करणार आणि मानधन आहे की नाही. संकोच बोलण्यात नसतो, तो न बोलता राहून गेल्यावर निर्माण होतो. एखाद्या लहान शाळेत आपण स्वेच्छेने विनामूल्य जाऊ शकता; मात्र तो निर्णय आपला असावा. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी किंवा गावातील एखादे दुकानदार यांच्याकडून शाळा एवढी सोय करू शकतात आणि त्यांना तसे सुचविण्यात काही गैर नाही. जवळपासच्या दोन-तीन शाळांनी केंद्रप्रमुखांमार्फत एकत्र येऊन एकच फेरी ठरविली, तर खर्चही विभागला जातो.

वर्गात मुलांना थेट पुस्तके विकू नयेत. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्या मुलाला तो दिवस लेखकाच्या गोष्टीसाठी आठवत नाही. पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांच्या ग्रंथालयांसाठी शाळेच्या स्तरानुसार वार्षिक 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातील खरेदी ठरलेल्या नियमांनीच होते, तरीही मुख्याध्यापकांकडे चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. दर शनिवारी शाळेत लेखनाचा वर्ग सुरू झाला आहे. आमच्या शहरात स्पर्धा किती आहे, हे आपण जाणताच. हा वेळ गणित-विज्ञानाला देणे योग्य नव्हे का?
– एक पालक, लातूर

उत्तर : लातूर पॅटर्नच्या शहरातील पालकांची ही काळजी मी समजू शकतो. तरीही आठवड्यातून एक तास लिहिल्याने गणित मागे पडते, असे मला कधी आढळले नाही. राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम शासनानेच आणला आहे, तेव्हा शाळा वेळापत्रकाबाहेरचे काही करीत नाही. मुलाला त्याने लिहिलेले एखादे पान आपणहून मागून वाचावे. त्यानंतरही वर्ग निरुपयोगी वाटला, तर शिक्षकांशी बोलावे.

प्रश्न : कार्यशाळेत मुलांनी लिहिलेल्या कथा-कवितांचे पुढे काय करावे? मराठवाड्यातील लेखकांशी संपर्क कसा साधावा?
– एक ग्रंथपाल, परभणी

उत्तर : पुढे काहीच झाले नाही, तर मुले पुढच्या कार्यशाळेत मन घालत नाहीत. त्यामुळे महिनाभराच्या आत भित्तिपत्रक किंवा हस्तलिखित काढावे. त्यात निवडक पाच-सहा हुशार मुलांचेच लेखन न घेता प्रत्येकाच्या निदान चार ओळी घ्याव्यात आणि तो अंक ग्रंथालयात इतर पुस्तकांच्या रांगेत, दाखलनोंद करून ठेवावा. मुले तो घरी न्यायला मागतात, तेव्हा नोंदवहीत सही घेऊन द्यावा. लेखकांशी संपर्क साधण्यासाठी मराठवाडा साहित्य परिषदेच्या जवळच्या शाखेत चौकशी करावी. परिषदेचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

मुलांना आणखी मोठा वाचकवर्ग मिळावा असे वाटत असेल, तर बालभारतीतर्फे 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाकडे आणि वृत्तपत्रांच्या बालपुरवण्यांकडे लेखन पाठवावे. पाठविताना मुलाचे नाव, इयत्ता आणि शाळेचा पूर्ण पत्ता लिहावा, पालकांची संमती घ्यावी, मोठ्यांनी त्यात स्वतःच्या ओळी घालू नयेत आणि मूळ कागद मुलाजवळ ठेवून त्याची प्रतच पाठवावी.