विहिरीला पाणी नव्हतं म्हणून दादांचा बाप्तिस्मा राहिला

प्रश्न : ताई, सलाम. आमचं गाव जालना जिल्ह्यात आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सात-आठ वर्षं माझ्यासोबत उपासनेला यायचे, वाचता येत नव्हतं म्हणून रोज रात्री माझ्याकडून बायबल वाचून घ्यायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून पाळकसाहेबांना सांगितलं की मला बाप्तिस्मा पाहिजे, म्हणजे पाण्याचा विधी करून ख्रिस्ती मंडळीत यायचंय. पण आमच्याकडे बुडवूनच देतात आणि तेव्हा विहिरीनं तळ गाठलेला, टँकर चार दिवसाला, मग पाऊस पडल्यावर करू असं ठरलं. मृगाच्या आधीच दादा अटॅकनी गेले. आता एक नातेवाईक म्हणतात बाप्तिस्मा नाही तर तारण, म्हणजे देवाकडची मुक्ती, नाही. मला झोप लागत नाही. आईलापण घ्यायचाय, तिनी काय करावं?

उत्तर : बाई, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. आधी झोपेचं बोलू. तुझे नातेवाईक बहुतेक बायबलातलं मार्क १६:१६ हे वचन सांगत असतील, जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. पण तेच वचन पुढं वाच, शिक्षेला पात्र कोण, तर जो विश्वास धरत नाही तो, तिथं बाप्तिस्म्याचं नावपण नाही. आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला तो चोर, हातपाय खिळलेले, त्याला पाण्यापर्यंत कोण नेणार होतं, तरी प्रभू त्याला म्हणाला आजच तू माझ्यासोबत सुखलोकात असशील.

तुझ्यासारखंच दुःख फार पूर्वी दोन बहिणींवर आलं होतं. त्यांचा भाऊ, रोमचा सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन, त्यानी मिलानचे बिशप अँब्रोज यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला होता आणि तो मिळायच्या आधीच ३९२ साली गेला. अंत्यविधीला अँब्रोजनी त्या बहिणींना हाच दिलासा दिला की त्यानी मागितलं होतं, म्हणजे त्याला मिळालं. दादांनीपण मागितलं होतं, तेही स्वतःच्या तोंडानी.

मग बाप्तिस्मा कशाला, असं कुणी विचारेल. बघ, आपल्याकडे बाळाचं बारसं करतात, पण बारशाच्या दोन दिवस आधी बाळ गेलं तर आई म्हणते का की हे माझं नव्हतंच? आणि म्हणून बारसं करूच नये असंही कुणी म्हणत नाही. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू पाण्यातून वर आला तेव्हा वाणी झाली, तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर त्यानी एक आजारी बरा केला नव्हता की एक प्रवचन दिलं नव्हतं. आधी देव बोलतो, तू माझा. आपण जन्मभर जे करतो ते त्याला दिलेलं उत्तर. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की त्या पाण्यात आपण ख्रिस्तासोबत पुरले जातो आणि नव्या जीवनासाठी उठतो, हे सगळ्या मंडळीसमोर अंगावर घेणं फार मोठी गोष्ट आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात झाला, पण त्यांनीच नंतर सांगितलंय की धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला पुढं काही वर्षं गेली. पाणी आणि नातं दरवेळी एकाच दिवशी येतं असं नाही.

आता पाण्याचं, आणि हे मी मराठवाड्यातल्या सगळ्याच ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिते, कारण ज्या भागात २०१६ ला लातूरला रेल्वेनी पाणी आणावं लागलं तिथं कुणाचा बाप्तिस्मा पावसावर ठेवणं मला पटत नाही. 'दिदाखे' नावाचं मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं छोटं पुस्तक आहे, त्यात सरळ लिहिलंय, वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, आणि पुरेसं नसेलच तर पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं डोक्यावर तीनदा ओता. बुडवून घेणं चांगलंच आहे, त्यात पुरलं जाण्याची खूण डोळ्यांना दिसते, पण ती हट्टाची गोष्ट नव्हे. तुमच्या पाळकसाहेबांनीपण मन लावूनच ठरवलं असणार, त्यांच्यावर राग धरू नको, आणि स्वतःवर तर अजिबात नको.

आईला थांबवू नको. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोल, दिदाखेचं सांग, पाणी तांब्याभर असलं तरी चालेल म्हणावं. ते अडून बसले तर मला कळव, मी त्यांना स्वतः पत्र लिहीन.